पिट्युटरीतले गळू

‘ताप नव्हता, म्हणून गाठच’ असा निष्कर्ष जपून काढावा. पिट्युटरी ग्रंथीच्या विकारांत गळवाचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी असते, हे खरे. पण ते ओळखायचे तर तापाची वाट पाहून चालत नाही. बऱ्याच रुग्णांना ताप नसतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नसतात. असते ती डोकेदुखी, अंधूक होत जाणारी नजर आणि हार्मोन्सची कमतरता. सतत तहान आणि पाण्यासारखी भरपूर लघवी हा त्याहून बोलका पुरावा: साध्या गाठीत शस्त्रक्रियेपूर्वी हे लक्षण क्वचितच दिसते. एमआरआयमध्ये कडेने उजळणारे वलय दिसते खरे, पण तसे ते द्रव भरलेल्या गाठीतही दिसते, त्यामुळे निदान पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते.

मग नुसती अँटिबायोटिक्स का देऊ नयेत? कारण बंद पिशवीतल्या पुवापर्यंत औषध नीट पोचत नाही, आणि वरच्या दृष्टिचेतांवरचा दाबही हटत नाही. म्हणून नाकावाटे पू काढतात आणि नंतर साधारण 4 ते 6 आठवडे औषध देतात. कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत म्हणून गळू नव्हतेच, हा आक्षेपही टिकत नाही. आधी घेतलेल्या औषधांनीही कल्चर कोरे येते. आपल्याकडे अशा वेळी क्षयाची तपासणी चुकवू नये. हार्मोन्सची कमतरता भरून काढताना क्रमही पाळावा: कॉर्टिसॉल कमी असेल तर थायरॉइडच्या गोळीआधी हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते.