भिंतीवरचा डबा कुणाचा?

सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. लॅपटॉप कुठला घेऊ? आणि घरी वायफायसाठी राऊटर कुठला घेऊ? दुसऱ्या प्रश्नात त्यांच्या मनात तीनच गोष्टी असतात: स्पीड किती, अँटेना किती आणि किंमत किती. (अँटेना जास्त म्हणजे राऊटर भारी, असा एक समज आहे. मला तर आठ अँटेनावाला राऊटर बघितला की पाठीवर पडलेला कोळीच आठवतो.)

ह्या तीन गोष्टी बघायच्याच. पण त्यांच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हा डबा कुणाचा? पैसे कुणी दिले, असं नाही म्हणत मी. त्याच्या आत काय चालतं हे कोण ठरवतं, त्याचं कुलूप कुणाच्या हातात आहे, आणि काही बिनसलं तर बेल कुणाच्या दाराची वाजणार? ह्या प्रश्नाला साठेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या नवी मुंबईत घडलेलं आहे. आज त्याबद्दल.

सुरुवात टेक्सासपासून करू. तिथे थॉमस कार्टर नावाच्या माणसाने १९५९ च्या सुमारास 'कार्टरफोन' नावाचं एक यंत्र विकायला काढलं. लांब रानात काम करणाऱ्यांकडे टू-वे रेडिओ असायचा, पण रेडिओवरून टेलिफोनवर बोलता यायचं नाही. कार्टरच्या यंत्रावर टेलिफोनचा रिसीव्हर नुसता ठेवायचा, की पलीकडचा आवाज रेडिओवर आणि रेडिओचा आवाज फोनमध्ये जायचा. म्हणजे एका बाजूला टेलिफोनची तार आणि दुसऱ्या बाजूला हवा. आपल्या वायरलेस मोडेमचा हा चुलत पणजोबाच म्हणायचा!

पण तेव्हा अमेरिकेत टेलिफोन म्हणजे एटी अँड टी. आमच्या लाइनला आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचंही उपकरण जोडायचं नाही, असा त्यांचा नियम. घरातला फोनसुद्धा ग्राहकाचा नसायचा, कंपनीचा असायचा. कार्टर भांडला, आणि १९६८ साली एफसीसीने (तिथला दूरसंचार नियामक) त्याच्या बाजूने निकाल दिला: नेटवर्कला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं यंत्र जोडता आलं पाहिजे. दुकानातून मोडेम आणून तो घरच्या लाइनला जोडायची मुभा पुढे मिळाली, तिचं मूळ ह्या निकालात आहे. फोनच्या वायरच्या टोकाला तो छोटा पारदर्शक प्लग असतो ना, आरजे-११, तोही त्यानंतरच्या दशकातला.

ही झाली तारेची गोष्ट. आता हवेची.

१९८५ साली ह्याच एफसीसीने काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन ह्याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे तिथे गोंगाट फार. ज्याला कुणी विचारत नव्हतं ते सगळ्यांना फुकट दिलं, असाच प्रकार. त्याचा पहिला मोठा फायदा कुणाला दिसला असेल? दुकानातले गल्ले विकणाऱ्या एनसीआर कंपनीला! दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या तारा पुन्हा ओढाव्या लागायच्या, ती कटकट त्यांना संपवायची होती. त्यांच्या नेदरलँड्समधल्या केंद्रात काम सुरू झालं. तिथले व्हिक हेस पुढे प्रमाण ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले आणि १९९७ साली ८०२.११ हे प्रमाण आलं. वेग २ एमबीपीएस. १९९९ साली ८०२.११बी आलं, ११ एमबीपीएसचं.

त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्जने नवा आयबुक लॅपटॉप दाखवला. तो वेबपेज बघत असताना त्याने लॅपटॉपभोवती चक्क हुला हूपची रिंग फिरवून दाखवली, की बघा, कुठेही वायर नाही. सोबतचं २९९ डॉलरचं 'एअरपोर्ट बेस स्टेशन' दिसायला उडती तबकडी. त्यात ५६ केचा डायल-अप मोडेमही बसवलेला होता. तार आणि हवा एका डब्यात, घरगुती गिऱ्हाइकासाठी. 'वायरलेस मोडेम राऊटर' हा प्रकार इथून ओळखीचा वाटू लागतो.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं, पण ते डायल-अप. नेट चालू की फोन एंगेज. खरी गंमत झाली जानेवारी २००५ मध्ये. त्या एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. बीएसएनएल आणि एमटीएनएलने आपली एडीएसएल ब्रॉडबँड सेवा आणली, आणि सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी घरात आणि घराबाहेरही परवान्याविना मोकळा केला. म्हणजे तार आणि हवा दोन्ही एकदमच मिळाल्या म्हणा ना! २००४ च्या धोरणाप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. (आज हसू येतं. ही व्याख्या २०२३ साली २ एमबीपीएस झाली.)

एडीएसएलची करामत सोपी होती. आपलं बोलणं तांब्याच्या तारेवर ४ किलोहर्ट्झच्या खाली मावतं. वरची २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा मोकळी, तिथून डेटा न्यायचा. स्प्लिटर लावला की आईचा मावशीशी फोनही चालू आणि आपलं डाउनलोडही चालू.

आता डबा कुठला घ्यायचा हा प्रश्न आला, आणि गोंधळही आला. कारण आपण ज्याला एक डबा समजतो ती तीन यंत्रं आहेत. मोडेम तारेची भाषा समजतो. राऊटर एक कनेक्शन अनेक मशीनना वाटून देतो. आणि ॲक्सेस पॉइंट तेच हवेत सोडतो. अमेरिकेहून येताना कुणी मोठ्या हौसेने राऊटर आणला, तर त्याला टेलिफोनची तार लावायला जागाच नसायची! कारण तिथल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मोडेम नव्हता, तो केबल कंपनीचा वेगळा असायचा. मग फोन कंपनीचा मोडेम पुढे आणि हा मागे, अशी जोडी जमवायची.

असाच एक मोडेम नसलेला राऊटर म्हणजे लिंक्सिसचा निळा-काळा, दोन शिंगांचा डब्ल्यूआरटी५४जी. २००२ च्या अखेरीस आला, आणि २००३ साली सिस्कोने लिंक्सिसच विकत घेतली. मग काही लोकांच्या लक्षात आलं, की ह्या डब्याच्या पोटात लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना म्हणजे जीपीएल. तो सांगतो: वापरा, बदला, विका, पण तुमच्या गिऱ्हाइकाला सोर्स कोडही द्या. तो दिलेला नव्हता. आरडाओरडा झाला आणि २००३ साली कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. साध्या घरगुती राऊटरवर लोक महागड्या उपकरणांतल्या सोयी चालवू लागले. कार्टरने तारेच्या टोकाला स्वतःचं यंत्र जोडायचा हक्क मिळवला होता. आता त्या यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरपर्यंत मालकाचा हात पोचला.

पण त्याच मॉडेलच्या पाचव्या आवृत्तीत, २००५ साली, कंपनीने मेमरी कमी केली आणि लिनक्स काढून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. नाव तेच, खोकं तेच, आतला माल वेगळा. लिनक्सवाल्या हौशी लोकांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल असं वेगळं मॉडेल काढलं. आजही राऊटर घेताना नावापुढचा तो बारीक 'व्ही ५' वगैरे वाचायचा, तो ह्यासाठी.

आता नवी मुंबई.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीची ईमेल आली होती. तिचा आयपी पत्ता शोधत पोलीस पोचले सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरून मेल पाठवली होती. त्यांचा कटाशी संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा मागे लागायचा तो लागलाच. त्याच वर्षी पुढच्या दोन मेल्स आल्या, एक माटुंग्यातल्या कॉलेजच्या वायफायवरून आणि दुसरी चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या.

पोलीस त्याच दारात का गेले? राऊटरचं कामच तसं आहे. घरातल्या सगळ्या मशीन्स बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. ह्याला नॅट म्हणतात. आत बाबांचा लॅपटॉप आहे, की खाली पार्किंगमध्ये उभा असलेला अनोळखी माणूस, बाहेरून कळत नाही. कंपनीच्या नोंदीत ज्याचं कनेक्शन त्याचं नाव. आणि आत कोण होतं ह्याची नोंद घरगुती राऊटर बहुधा फार काळ ठेवत नाही. वीज गेली की बऱ्याचदा तीही जाते.

त्या काळचे बरेच वायरलेस राऊटर खोक्यातून बाहेर काढले की उघडेच असत. कुलूप लावायचं म्हटलं तरी कुठलं? सुरुवातीचं वेप नावाचं कुलूप २००१ सालीच संशोधकांनी मोडून दाखवलं होतं. २००३ साली डब्ल्यूपीए आणि २००४ साली डब्ल्यूपीए२ आलं, पण जुने डबे भिंतीवर तसेच राहिले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. उघडं वायफाय म्हणजे सगळा निष्काळजीपणाच होता असं नाही. 'माझ्याकडे जास्तीचं आहे, वापरू दे कुणाला तरी,' अशा विचाराने मुद्दाम उघडं ठेवणारेही लोक होते. पाणपोई ठेवतात तसं. ती पाणपोई आपल्याकडे २००८ नंतर संपली. वाईट वाटतं, पण कारण खरं होतं.

मग सगळं कंपनीवर सोडावं का? तिचाच डबा, तिचंच सॉफ्टवेअर, कुलूपही तीच लावेल? नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर एका हल्ल्यात ठप्प झाले. हल्ला झाला तो ७५४७ ह्या पोर्टवर, म्हणजे कंपन्या दुरून राऊटर सांभाळायला जे दार वापरतात त्याच दारावर. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांच्या मोडेमना मालवेअरने गाठलं. कारण काय, तर मूळ पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. युजर ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. कंपनीने शेवटी ग्राहकांनाच सांगितलं, पासवर्ड बदला.

कायदेही हळूहळू ह्याच प्रश्नाकडे आले. १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा मोडेम-राऊटर लावायचा हक्क आहे. आणि २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये सहज ओळखता येणाऱ्या सरसकट पासवर्डची उपकरणं विकायला बंदी आहे. शिवाय सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाला सांगावंच लागतं.

तर मूळ प्रश्न, राऊटर कुठला घेऊ? आता घरोघरी फायबर आहे. कंपनी जो डबा देते तो फायबरचा मोडेम, आणि वायफायही त्यातच. माझं म्हणणं असं:

एक, जमत असेल तर कंपनीच्या डब्याला फक्त मोडेमचं काम करू द्या. त्याला ब्रिज मोड म्हणतात, कंपनीला विचारावं लागतं. मागे स्वतःचा राऊटर लावा.

दोन, अँटेना मोजण्याआधी अपडेट मोजा. त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं, ते कंपनीच्या साइटवर दिसतं. दोन-तीन वर्षं काहीच आलेलं नसेल तर कितीही स्वस्त असू द्या, नको. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल असेल तर उत्तम, पण आवृत्तीचा आकडा जुळवून बघा. कंपनीने हात झटकले तरी डबा चालता राहील.

तीन, पहिल्याच दिवशी ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ लावा, आणि डब्ल्यूपीएस बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ सालीच उघड झाली आहे.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. आणि शेजारच्या काकांचं नेट बंद पडलं तर पासवर्ड द्यायला काहीच हरकत नाही. गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्याचा द्या. कोण आलंय ते तुम्हाला माहीत असतं, एवढाच फरक. :)