बिनतारी फोनमागची तार : एका काचतंतूवर दोन सेवा

१९७९ साली पुण्यात दोन टेलिफोन एक्सचेंजना जोडणारी भारतातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली. काचतंतूकडून तेव्हा अपेक्षा माफक होती : एका एक्सचेंजमधले संभाषण दुसऱ्यापर्यंत पोचवावे. घरापर्यंत तांब्याचीच तार जाई, आणि ‘बिनतारी’ म्हटले की जहाज, पोलीस किंवा लष्कर आठवे. आज घरचे इंटरनेट आणि रस्त्यावरचा मोबाइल टॉवर एकाच काचतंतूवर चालू शकतात. हा संगम वाटतो तितका सहज घडला नाही.

प्रारंभ १९६६ मध्ये इंग्लंडात झाला. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की दोष काचेच्या स्वभावात नाही, तिच्यातल्या अशुद्धीत आहे. किलोमीटरमागे होणारी घट २० डेसिबलच्या आत आली, म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला, तरी काच संदेशवहनाला योग्य ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ही मर्यादा गाठली.

मात्र प्रत्येक घराला स्वतंत्र तंतू देणे परवडणारे नव्हते. यावर १९८७ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी तोडगा मांडला. एक्सचेंजमधून एकच तंतू काढायचा आणि वाटेत स्प्लिटर बसवून, विजेशिवाय, प्रकाश अनेक घरांत वाटायचा. येणारा संदेश सर्वांच्या दारी पोचतो. ज्याचा असेल तो उचलतो. परतीच्या प्रवासात मात्र घरांनी पाळीपाळीने बोलायचे, नाहीतर प्रकाशाचे ठोके एकमेकांवर आदळतात. पाळीची ही शिस्त लक्षात ठेवावी. पुढचा सगळा पेच तिच्यातूनच निर्माण झाला.

१९९० मध्ये ए. जे. कूपर यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’ या नियतकालिकात कॉर्डलेस आणि मोबाइल फोनसाठी तंतू व रेडिओ यांची सांगड मांडली. कल्पना अशी की रेडिओलहर आहे तशीच प्रकाशावर स्वार करावी. दुसऱ्या टोकाला प्रकाश उतरवला की तीच लहर परत मिळते. ती वाढवून अँटेनाला द्यायची. महागडी यंत्रे एक्सचेंजमध्ये, आणि खांबावर जवळजवळ बिनडोक पेटी.

ही कल्पना त्याच काळात सुचावी यालाही कारण होते. ब्रिटनने १९८९ मध्ये ‘टेलिपॉइंट’ सेवेसाठी चार परवाने दिले होते. खिशातल्या कॉर्डलेस फोनवरून ठरावीक केंद्राजवळ, साधारण शंभर मीटरच्या आत, फोन लावता येई; आलेला फोन मात्र घेता येत नसे. एवढ्या लहान पल्ल्यासाठी चौकाचौकात केंद्रे हवीत, म्हणजे प्रत्येक केंद्र स्वस्त हवे. फोन घ्यायलाच न येणारा फोन लोकांनी फारसा स्वीकारला नाही, यात नवल नाही. ‘रॅबिट’ ही शेवटची सेवा १९९३ च्या अखेरीस गुंडाळली गेली. कल्पना मात्र टिकली. भुयारी स्थानके, विमानतळ, क्रीडांगणे अशा गर्दीच्या जागी तंतूवरून रेडिओ पोचवण्याची पद्धत रुजली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्येही ती वापरली गेली.

मोठ्या मोबाइल जाळ्यांनी वेगळी वाट धरली. २००३ मध्ये पाच उत्पादक कंपन्यांनी सीपीआरआय हे मानक आणले. यात लहर जशीच्या तशी जात नाही. तिचे सेकंदाला कोट्यवधी नमुने मोजून आकडे पाठवले जातात. आकडे गोंगाटाने बिघडत नाहीत, पण जागा भरमसाट खातात. चौथ्या पिढीच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी एका अँटेनामागे १.२३ गिगाबिट लागतात, फोनवर कोणी बोलत असो वा नसो. अशा आठ अँटेना म्हणजे जवळपास १० गिगाबिट. घराघरांत पोचलेल्या जीपॉन जाळ्यावर परतीची वाट सगळ्यांत मिळून १.२४ गिगाबिटची! एका अँटेनाच्या मौनानेच ती भरून जाते.

त्याहून अवघड प्रश्न वेळेचा होता. पाळीची वाट पाहताना घरच्या संगणकाचा सेकंदाचा हजारावा भाग गेला तर कुणाला कळतही नाही. टॉवरवरून आलेल्या आकड्यांना मात्र त्याच्या चौथाईइतकीच सवड असते. एकाच रांगेत उभे राहण्याची दोघांची गरजच भिन्न होती.

यावर जपानमधील एनटीटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुचवलेला उपाय फार साधा आहे. कोणता फोन कधी बोलणार हे मोबाइल केंद्र स्वतःच ठरवते, तेही चार मिलिसेकंद आधी. मग तेवढी माहिती तंतूच्या व्यवस्थापकाला आगाऊ का देऊ नये? पाळी मागायची गरजच उरत नाही. आकडे येतात तेव्हा जागा राखलेली असते. कागदोपत्री वेगळी असलेली दोन जाळी इथे प्रथमच एकमेकांशी बोलू लागली.

आकड्यांच्या भाराचा प्रश्न २०१७ च्या ईसीपीआरआय मानकाने हलका केला. केंद्रात नेलेल्या कामाचा काही भाग पुन्हा टॉवरवर सोपवण्यात आला, त्यामुळे तंतूवरून जाणारी माहिती प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात घटते-वाढते. त्या बदल्यात खांबावरची पेटी पुन्हा महाग झाली. कूपर यांना ती जितकी साधी हवी होती, तितकी ती राहिली नाही.