लातूरची छोटी गाडी आणि तिची विलायती बहीण

उन्हाळा आला की हौशी मंडळींनी थंड हवेच्या ठिकाणी जायचे आणि त्यांच्यासाठी रेल्वेने खास गाड्या सोडायच्या, ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी रुजवली. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला दोन फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. सुरुवातीला तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. मराठवाड्याच्या वाट्याला असे काही आले नाही. नांदेडला निजामाच्या रेल्वेचा मीटर गेज, लातूरला त्याहून अरुंद नॅरो गेज. आपल्या दोन शहरांच्या रुळांचे मापसुद्धा एक नव्हते.

पण मित्रहो, लातूरच्या त्या अरुंद रुळांचे आणि एका विलायती पर्यटक गाडीचे सख्खे नाते आहे. आपण शाळेत रेल्वेचा इतिहास शिकलो, तो बोरीबंदर-ठाण्यापासून. हे नाते मला फार उशिरा वाचायला मिळाले, म्हणून या स्मरणिकेत लिहितो आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. कमी खर्चात, अरुंद रुळांवर भरपूर वाहतूक करता येते, असे त्याचे ठाम मत होते. अडीच फूट रुंदीचा मार्ग आणि कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, हे त्याचे सूत्र. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग त्याने सुरू केला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये निजाम हद्दीतल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा झाला. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी लोकांच्या तोंडी ती ‘बार्शी लाईट’च राहिली.

आता विलायतेतली गोष्ट. बार्शीचे यश पाहून इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तसाच अडीच फुटी मार्ग बांधला गेला, तोही कॅलथ्रॉपच्याच देखरेखीखाली. २७ जून १९०४ रोजी तो खुला झाला. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची. बार्शीची पहिली इंजिनेही त्याच कारखान्यातली. फिकट पिवळ्या रंगाचे प्रशस्त डबे हिंदुस्थानी थाटाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली माणसे दरी, गुहा आणि नदी पाहायला त्यात बसून येत. म्हणजे आपल्या मुलखात पारखलेली विद्या तिकडे हौसेच्या कामी आली.

दोघींचे नशीब मात्र निराळे. विलायती बहीण उन्हाळी पर्यटक आणि दूध यांच्या भरवशावर होती. हौस हंगामी असते, आणि दुधाला मोटारीचा रस्ता मिळाला. १९३४ च्या मार्चमध्ये, तिसाव्या वर्षी ती बंद पडली. आपल्या गाडीला हौशी प्रवासी कधीच मिळाले नाहीत. तिला वारकरी मिळाले, बाजारकरी मिळाले, कापसाच्या आणि धान्याच्या राशी मिळाल्या. आषाढीला तिच्या डब्यात उभे राहायला जागा नसे. गरजेवर चालणारी गाडी शंभर वर्षे टिकली. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हाच तिची इकडची वाट संपली.

पुढे २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडे पडले, पाणवठ्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. कॅलथ्रॉपची जुनी टोके तीच, मिरज आणि लातूर. फक्त रूळ रुंद झालेले. मराठवाड्याला मिळालेली खरी उन्हाळी गाडी ती हीच. तिच्यातून पर्यटक उतरले नाहीत, आपल्या घरातल्या हंड्यांत पडणारे पाणी उतरले.

मॅनिफोल्डचा मार्ग उखडला, पण १९३७ पासून त्यावर पायवाट आहे. एका टोकाच्या हल्म एंड स्थानकात आज येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या गाडीची माहिती मिळते. तीस वर्षांच्या गाडीची त्यांनी एवढी बूज राखली. शंभर वर्षांच्या गाडीचे आपण काय राखले? आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा या मार्गावर चाकरीला होते, कित्येक जण गावाहून शाळेला याच गाडीने आले. कुणाच्या ट्रंकेत जुने पुठ्ठ्याचे तिकीट असेल, पास असेल, फलाटावरचा एखादा फोटो असेल. रद्दीत घालण्याआधी तो शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. मागे गावाचे, सालाचे आणि फोटोतल्या माणसांचे नाव तेवढे लिहा. सांगणारे आता थोडेच उरले आहेत.