‘रिअली डोन्ट’ की ‘डोन्ट रिअली’? इंग्रजीत ‘वेळ नाही’ म्हणताना शब्द कुठे बसतो?

समजा, चिखलीचा एक मुलगा पुण्यात नोकरीला लागला आहे. पहिला आठवडा सुरू आहे. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीम लीडर विचारते, दहा मिनिटं कॉलवर येतोस का? त्याच्या हातात दुसरं काम आहे. त्याला म्हणायचं आहे, ‘आत्ता तसा वेळ नाहीये.’ तो लिहितो, ‘आय रिअली डोन्ट हॅव टाइम.’

व्याकरणात चूक शून्य. पण समोरचा माणूस हे असं वाचतो: ‘मला अजिबात वेळ नाही, परत विचारू नका.’

तेच त्याने ‘आय डोन्ट रिअली हॅव टाइम’ असं लिहिलं असतं, तर अर्थ झाला असता, ‘तसा वेळ नाही हो, बघतो.’ शब्द तेच आहेत, फक्त ‘रिअली’ एक घर पुढे सरकला. ‘डोन्ट’च्या आधी बसला की तो नकाराला जोर देतो. नंतर बसला की नकार मऊ करतो. फोनवर आवाजाने सांभाळून घेता येतं, पण मेसेजला आवाज नसतो.

आपण कुठे अडतो?

मराठीत जोर द्यायचा तर आपण शब्दाच्या शेपटीला एक अक्षर चिकटवतो. ‘वेळ नाही’, ‘वेळच नाही’, ‘वेळ नाहीच’, ‘जेवायलाही वेळ नाही’. घाटावर देऊळगाव राजाला असा की घाटाखाली नांदुऱ्याला, ‘मले टाइमच नाही’ म्हटलं की सगळं कळतं. शाळेच्या व्याकरणात या च, ही, सुद्धा, मात्र यांना ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ म्हणतात. नाव जड आहे, वापर मात्र आपण दिवसभर करतो.

इंग्रजीत शब्दाला चिकटणारा असा ‘च’ नाही. तिथे हे काम बरेचदा क्रियाविशेषण करतं आणि ते सुटं उभं राहतं. म्हणून ते कुठे उभं आहे, याला महत्त्व येतं.

‘वेळच नाही’ मनात धरून आपण काय लिहितो? ‘आय हॅव नो टाइम ओन्ली.’ हा ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. भारतात हे सगळ्यांना समजतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण परदेशी ग्राहकाला मेल जात असेल किंवा मुलाखत असेल, तर समोरचा गोंधळतो. कारण त्याच्या डोक्यात ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. तिथे ‘आय हॅव नो टाइम ॲट ऑल’ म्हणा, नाहीतर ‘आय जस्ट डोन्ट हॅव टाइम’.

‘ही’चं तसंच. ‘जेवायलाही वेळ नाही’ याचं ‘आय डोन्ट हॅव टाइम टु ईट ऑल्सो’ होतं. हवं असतं ‘आय डोन्ट ईव्हन हॅव टाइम टु ईट’. मराठीत ‘ही’ जेवणाला चिकटला होता, इंग्रजीत ‘ईव्हन’ मागे सरकून ‘हॅव’च्या आधी आला. हे एकच उदाहरण नीट पाहिलं तरी दोन भाषांमधला फरक कळतो.

मग जागा कोणती?

साधारणपणे मुख्य क्रियापदाच्या आधी. ‘आय ऑल्वेज हॅव टाइम फॉर यू’ बरोबर, ‘आय हॅव ऑल्वेज टाइम’ चूक. ‘नेव्हर’चंही तेच: ‘ही नेव्हर हॅज टाइम’. मात्र ‘इज’, ‘आर’ यांच्यासोबत उलटं होतं, ‘द बस इज ऑल्वेज लेट’. आणि ‘आय हॅव नेव्हर हॅड टाइम’मध्ये पहिला ‘हॅव’ साहाय्यक आहे, मुख्य क्रियापद ‘हॅड’ आहे, म्हणून ‘नेव्हर’ मध्ये बसला.

शब्द देताना एक गोष्ट लक्षात ठेवा. होकार असेल तर ‘आय विल प्रॉबेबली हॅव टाइम’, नकार असेल तर ‘आय प्रॉबेबली वोन्ट हॅव टाइम’. ‘प्रॉबेबली’ हा ‘विल’च्या नंतर येतो, पण ‘वोन्ट’च्या आधी.

जेमतेम वेळ

‘हार्डली’ हा शब्द फसवा आहे. तो ‘हार्ड’चा भाऊ वाटतो, पण अर्थ वेगळा. ‘आय हार्डली हॅव टाइम’ म्हणजे मला वेळ जवळजवळ नाहीच. ‘आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम’ म्हणजे माझे दिवस कठीण चालले आहेत. पहिलं म्हणायचं असताना दुसरं लिहिलंत, तर लोक काळजीने फोन करतील. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच भरलेला असतो, त्यामुळे सोबत ‘डोन्ट’ नको.

‘जेमतेम’ला सर्वांत जवळचा शब्द ‘बेअरली’. ‘वी बेअरली हॅव टाइम टु कॅच द ट्रेन’: गाडी मिळेल, पण धावत जावं लागेल.

‘जस्ट’ दोन्हीकडे चालतो. ‘वी जस्ट हॅव टाइम फॉर टी’ म्हणजे चहापुरता वेळ आहे. ‘वी जस्ट डोन्ट हॅव टाइम’ म्हणजे वेळच नाही, विषय संपला.

एक ‘अजून’, तीन इंग्रजी शब्द

हा गोंधळ मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण इथे मराठी एकाच शब्दावर भागवते. ‘अजून वेळ आहे’ म्हणजे ‘वी स्टिल हॅव टाइम’. ‘अजून वेळ मिळाला नाही’ म्हणजे ‘आय हॅवन्ट हॅड टाइम येट’. ‘अजून वेळ द्या’ म्हणजे ‘प्लीज गिव्ह मी मोअर टाइम’. तिसऱ्यातला ‘मोअर’ क्रियाविशेषण नाही, पण ‘अजून’ म्हटलं की तोही आठवायला हवा.

‘आय स्टिल हॅवन्ट हॅड टाइम’ हेही बरोबर आहे, फक्त त्यात ‘इतके दिवस झाले तरी’ असा सूर येतो. साहेबांना लिहिताना ‘येट’ बरा.

लोणारला कुणी वेळ विचारली तर

अशनी आदळून तयार झालेलं लोणारचं विवर पाहायला परदेशी अभ्यासक आणि पर्यटक येतात. २०२०मध्ये ते रामसर यादीतही आलं. तिथे कुणी ‘डू यू हॅव द टाइम?’ विचारलं, तर ‘सॉरी, आय ॲम बिझी’ म्हणू नका. त्याला फक्त किती वाजले ते हवं आहे. ‘डू यू हॅव टाइम?’ मात्र तुमचा वेळ मागतं. त्या ‘द’मुळे प्रश्नच बदलतो. ‘डू यू हॅपन टु हॅव द टाइम?’ हे त्याचंच आणखी नम्र रूप. उत्तर सोपं: ‘इट्स हाफ पास्ट फोर.’

आणि शेगाव किंवा मलकापूर स्टेशनवर गाडी ‘राइट टाइम’ आहे असं ऐकता, ते रेल्वेचं स्वतःचं इंग्रजी. बोलताना ‘द ट्रेन इज राइट ऑन टाइम’ म्हणा. इथे ‘राइट’ म्हणजे ‘बरोबर’ नाही, ‘अगदी’. गाडी अगदी वेळेवर आहे.