वाचलेला वेळ कुठे गेला?

संगणक आला की वेळ वाचतो, हे आपण ऐकत आलो आहोत. पण तो वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो? हा प्रश्न मला पडला तो पश्चिम केनियातल्या मोसोरिओत या खेड्यातल्या आरोग्य केंद्राची हकीगत वाचताना.

एल्डोरेटचे मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतले इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २००१ साली तिथे संगणक आले. दोनच, एकमेकांना जोडलेले. विजेचा भरवसा नाही, म्हणून जोडीला सौर बॅटरी. उपचार करणारे मात्र कागदी फॉर्मवरच लिहीत. तो कागद रुग्णाबरोबर केंद्रभर फिरे आणि शेवटी कारकून त्यातल्या नोंदी संगणकात भरत.

संगणक येण्याआधी आणि आल्यानंतर कुणाचा वेळ कशात जातो, हे संशोधकांनी घड्याळ लावून मोजले. २००३ साली निष्कर्ष छापून आले. रुग्णाचा केंद्रातला मुक्काम २२ टक्क्यांनी घटला होता. छानच की! पण उपचार करणाऱ्यांबरोबरचा त्याचा वेळही ५८ टक्क्यांनी घटला होता, आणि कर्मचाऱ्यांना खासगी कामांना जास्त सवड मिळू लागली होती. हे आकडे त्यांनी झाकून ठेवले नाहीत, याचे मला कौतुक वाटते. लांबून आलेली बाई लवकर घरी परतली, हा फायदाच. तिचे काही सांगायचे राहून गेले का, ते घड्याळाला कसे कळणार?

या अनुभवातूनच २००४ साली ‘ओपनएमआरएस’ या मुक्त प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्यावर बेतलेली ‘बहमनी’ पुढे छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात पोचली.