पथ्य : मनाईपासून मोजमापापर्यंत

'पथ्य' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो, आणि ते दोन अर्थ जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. 'डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय' असे म्हटले की कोणता तरी आवडीचा पदार्थ बंद झाला, असे ऐकणारा समजतो. पण 'पाऊस लांबला, ते आमच्या पथ्यावरच पडलं' असे म्हणतो तेव्हा ती गोष्ट फायद्याची ठरली, असे सांगायचे असते. मूळ संस्कृत शब्द 'पथ' म्हणजे वाट यावरून आला आहे. शरीराच्या वाटेला धरून असणारे, हितकर ते पथ्य. पुढे व्यवहारात हित मागे पडले आणि मनाई तेवढी उरली.

मधुमेहाच्या आहाराचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही अर्थ तेथे भेटतात. शिक्षकांनी हा इतिहास समजून घेण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. मधुमेह हा उतारवयाचा रोग, अशी आपली समजूत असते. प्रकार १ चा मधुमेह मात्र बहुधा बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतो आणि जन्मभर सोबत राहतो. असे मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्या शाळेत असते. त्याचे पथ्य त्या वेळात आपल्याच हाती असते.

गोड लघवी

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना मधुमेहाची ओळख होती. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी टिपले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मापासून आलेला 'सहज' आणि अपथ्यामुळे झालेला 'अपथ्यनिमित्तज'. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, तर दुसऱ्या प्रकारचा बहुधा स्थूल. कृशाला पोषण द्यावे आणि स्थूलाचे वजन उतरवावे, असा उपचारातील फरकही तेथे आहे. आजचे प्रकार १ आणि प्रकार २ म्हणजे हेच, असे म्हणणे ओढूनताणून केल्यासारखे होईल. परंतु सर्व रुग्णांना एकच पथ्य लावू नये, हे त्या निरीक्षणातील शहाणपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लघवीतील गोडी म्हणजे साखरच, हे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉबसन यांनी १७७६ मध्ये दाखवले. त्यांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवली. तेव्हा तळाशी साखरेसारखा दिसणारा व लागणारा पदार्थ उरला. रुग्णाच्या रक्तद्रवालाही गोडी असते, हे त्यांनीच नोंदवले. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी ही साखर म्हणजे द्राक्षशर्करा, अर्थात आपण जिला ग्लुकोज म्हणतो ती, असे ओळखले.

उपासमारीचा उपचार

साखर बाहेर पडते आहे, तर साखर तयार होईल असे अन्नच देऊ नये, हा विचार ओघानेच आला. १७९७ मध्ये ब्रिटिश लष्करातील डॉक्टर जॉन रोलो यांनी कॅप्टन मेरेडिथ या रुग्णाला धान्य-भाजी जवळजवळ बंद करून मांस आणि चरबी यांवर ठेवले व त्याला गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झालेली तेथील डॉक्टर बुशार्दा यांना आढळली. शक्य तितके कमी खा, हा त्यांचा सल्ला पुढे युरोपभर गेला.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे यातून स्पष्ट झाले. पण तेथून औषध हाती यायला आणखी ३३ वर्षे जायची होती. या मधल्या काळात जे डॉक्टर मुलांना जगवू पाहत होते, त्यांच्याजवळ अन्न तोडण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी १९१४ पासून हा उपाय अत्यंत काटेकोरपणे राबवला. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत आधी उपास आणि मग ग्रॅम-ग्रॅम मोजून दिलेले अन्न. भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून द्यायच्या, म्हणजे त्यांतील कर्बोदके निघून जातील. ॲलन यांच्या नोंदींत १२ वर्षांच्या एका अंध मुलाची हकिगत आहे. इतका बंदोबस्त असूनही त्याच्या लघवीत साखर कशी येते, हे कळेना. शेवटी उलगडा झाला की भुकेपोटी तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातील पक्ष्यासाठी ठेवलेले दाणे खात होता. हा मुलगा वाचला नाही.

ॲलन क्रूर नव्हते. त्यांच्या पथ्यामुळे काही मुले वर्ष-दोन वर्षे अधिक जगली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ त्यांपैकी एक. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी तिचा रोग कळला. तीन वर्षांनी ती टोरँटोला पोहोचली, तेव्हा तिचे वजन जेमतेम २० किलो होते. पण ती जिवंत होती, आणि तोपर्यंत टोरँटोत इन्शुलिन तयार झाले होते. पुढे ती १९८१ पर्यंत जगली.

इन्शुलिननंतरही घड्याळ

बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या टोरँटोतील कामाची कथा बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी रक्तातील साखर खाली आली.

आता पथ्याचा प्रश्न सुटायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचे रूप बदलले. निरोगी शरीरात स्वादुपिंड जेवणाप्रमाणे कमी-अधिक इन्शुलिन सोडते आणि साखर उतरू लागली की हात आखडता घेते. टोचलेले इन्शुलिन मात्र परत घेता येत नाही. ते ठरलेल्या वेळी काम करणारच, मग पोटात अन्न असो वा नसो. अन्न नसेल तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. १९३६ नंतर डेन्मार्कचे हागेडॉर्न यांच्या कामामुळे दीर्घकाळ टिकणारी इन्शुलिने आली. इंजेक्शनांची संख्या कमी झाली, पण जेवण घड्याळाला बांधले गेले. पूर्वी 'खाऊ नको' असे पथ्य होते. आता 'अमुक वाजता खाल्लेच पाहिजे' हेही पथ्य झाले.

मोजणारा हात कोणाचा?

मनाई सैल झाली ती मोजण्याची साधने सुधारली तेव्हा. प्रयोगशाळेतील निळे बेनेडिक्ट द्रावण आपल्या ओळखीचे आहे. ग्लुकोजबरोबर उकळले की ते हिरवे, पिवळे, नारिंगी व शेवटी विटकरी होते. विसाव्या शतकात कित्येक दशके घरोघरी मधुमेही माणसे याच रंगांवरून आपली लघवी तपासत. अडचण अशी की रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटरला) वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे साखर फार कमी झाली आहे की ठीक आहे, हे या परीक्षेतून कळत नसे.

१९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, १९८० च्या आसपास घरगुती मापक आले आणि आता त्वचेवर चिकटवायचे संवेदकही आहेत. १९८१ मध्ये टोरँटोतच डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी वेगवेगळे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते, याची तुलना प्रसिद्ध केली. सर्व पिष्टमय पदार्थ सारख्या वेगाने साखर वाढवत नाहीत, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. १९९३ मध्ये प्रकार १ च्या १४४१ रुग्णांवरील मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांनी वारंवार साखर मोजून इन्शुलिन व आहार यांचा मेळ घातला, त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र साखर एकदम घसरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

भाकरी की पोळी?

आता आपल्या ताटाकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर आणि एकूण मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. 'मधुमेह आहे ना, मग पोळी बंद, भाकरी कितीही चालेल' हा सल्ला येथे घरोघरी ऐकू येतो. आकडे काय सांगतात? १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम. तंतूही जवळपास सारखेच, १० ते ११ ग्रॅम. भाकरी हे चांगले अन्न आहे आणि आपल्या सवयीचे आहे, म्हणून ती अवश्य खावी. पण 'कितीही' हा शब्द चुकीचा. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. पातळ पिठले आणि पालेभाजी यांच्याबरोबर ती खाल्ली, तर साखर सावकाश वाढते. उलट 'उपासाला चालतो' म्हणून खाल्लेला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. उपासाला चालते ते मधुमेहाला चालतेच असे नाही.

दोषाचा प्रश्नही येथेच येतो. अपथ्य केले म्हणून रोग झाला, ही समजूत फार चिवट आहे. प्रकार १ मध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आईने लाडाने गोड खाऊ घातले, याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रकार २ मध्ये आहार व बैठेपणा यांचा वाटा मोठा असला, तरी सगळा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळे जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने त्यांच्या शरीरात चरबी जास्त असल्याचे आढळले. मधुमेहाकडे जाणारी वाट अशी आईच्या पोटातच सुरू होऊ शकते.

शाळेच्या वेळापत्रकात

या शहरात प्रकार १ च्या मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकाराने 'उडान' ही संस्था काम करते. इन्शुलिन, तपासणी आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी मुलांपर्यंत पोहोचवणे, हे तिच्या कामाचे स्वरूप आहे. शिक्षण हा उपचाराचाच भाग मानला जातो, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. पण घरी आणि दवाखान्यात शिकलेले पथ्य शाळेच्या नियमांशी अडखळले, तर ते मुलाच्या जिवावर बेतू शकते.

तासाला डबा उघडायचा नाही, हा नियम योग्यच आहे. मात्र या मुलाला वेळेवर खाण्याची मुभा असली पाहिजे. वर्गात ते अचानक थरथरू लागले, घामाघूम झाले, चिडचिड करू लागले किंवा बोलण्यात गोंधळले, तर रक्तातील साखर घसरली असण्याची शक्यता असते. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती गेली की उपचार लगेच हवा : तीन-चार लहान चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. 'मधुमेही मुलाला साखर कशी द्यायची?' म्हणून थांबू नये. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडातून काहीही न देता तातडीने रुग्णालय गाठावे. त्याला एकट्याने घरी पाठवू नये. खेळाच्या तासाला त्याला बाहेर बसवण्याचीही गरज नाही. खेळण्याआधी साखर तपासून थोडे खाल्ले, की ते इतरांसारखेच खेळते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेला अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, सँडविचसारखा खाऊ आणि पाण्याची लहान बाटली सोबत नेण्याची परवानगी दिली. शाळेच्या चाचणी परीक्षेत एवढे करायला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

इन्शुलिन उष्णतेने निकामी होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि फ्रिज प्रत्येक घरी नसतो. अशा ठिकाणी मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या भांड्यात, कोरड्या डबीत, इन्शुलिन ठेवतात. बाष्पीभवन होताना पाणी उष्णता शोषून घेते. हवा कोरडी असेल तितकी ही युक्ती अधिक चालते, म्हणून ती आपल्याकडे उपयोगी पडते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून असे भांडे करवून घ्यावे, आत-बाहेर तापमापी ठेवून आठवडाभर नोंदी घ्याव्यात आणि पावसाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करावा.

दुसरा उपक्रम त्याहून सोपा आहे. प्रत्येकाने आपल्या घरी एका भाकरीला किंवा पोळीला किती पीठ लागते, ते तोलून आणावे आणि त्यावरून कर्बोदकांचा हिशेब मांडावा. हा त्रैराशिकाचा धडा सगळ्या वर्गाने मिळून करावा. ज्या मुलाला हा हिशेब रोज एकट्याने करावा लागतो, त्याला त्या दिवशी सोबत मिळेल. बाकीच्यांनाही कळेल की वर्गमित्राचे पथ्य ही शिक्षा नव्हे, ते गणित आहे.