दोन गाद्या, एक गाणं

'अमेडियस' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राने आणून दिलेल्या सीडीवर. मिलोश फोर्मनचा 1984 चा सिनेमा, आठ ऑस्कर मिळालेला. व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार सालिएरी म्हातारपणी कबुली देतो की, मोझार्टला मी मारलं. देवाने मला संगीताची भूक दिली आणि प्रतिभा मात्र त्या खिदळणाऱ्या पोराला दिली, हे त्याचं दुखणं. सिनेमा संपला तेव्हा मोझार्टपेक्षा सालिएरीच डोक्यात राहिला.

का राहिला ते सांगतो. आमच्या गावच्या देवळातल्या सप्त्याला मी पेटीवर बसायचो. पुढे माझा धाकटा मावसभाऊ गाऊ लागला. शिकलेला फारसा नाही, पण त्याने आलाप घेतला की पारावरच्या गप्पा थांबायच्या. एका वर्षी मी ऑफिसात सुट्टी मिळत नाही असं सांगून सप्त्याला गेलो नाही. सुट्टी शिल्लक होती. मग पुढच्या वर्षीही गेलो नाही. अशी बरीच वर्षं झाली. सालिएरी मला परका वाटला नाही तो असा.

2015 साली 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा आला, तेव्हा ही जुनी खपली पुन्हा निघाली. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन, विश्रामपूर नावाचं काल्पनिक संस्थान, राजगायकाचं पद, आणि एक खून माफ असलेली कट्यार. गोष्ट तीच, फक्त व्हिएन्नाच्या जागी संस्थानी दरबार. मनात आलं, खऱ्या संस्थानांत असं होत असेल का? पुढे एलटीसीवर इंदूरला गेलो, तेव्हा दोन दिवस काढून धार आणि देवास पाहून आलो.

आधी धार. ही पवारांची गादी, आणि त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, राजा भोजाची राजधानी. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' म्हणतात तोच हा भोज. सोळाव्या शतकाच्या सुमारास बल्लाळ नावाच्या पंडिताने 'भोजप्रबंध' लिहिला. त्यात भोज एकेका अक्षराला लाख नाणी देतो आणि त्याच्या दरबारात कालिदास, बाण, भवभूती असे कवी एकमेकांवर कुरघोडी करतात. आता बाण सातव्या शतकातला, भवभूती आठव्या, आणि कालिदास त्यांच्याही आधीचा. भोजाच्या दरबारात यांतला एकही बसणं शक्य नव्हतं. पण लोकांना मोठी माणसं एका पंगतीला बसवून त्यांची झुंज बघायची असते. त्यासाठी शतकंसुद्धा इकडची तिकडे करतात!

सालिएरीचंही तेच झालं. मोझार्ट 1791 मध्ये आजारपणाने गेला, वय 35. विषाची ती निव्वळ अफवा. 1830 मध्ये पुश्किनने तिच्यावर नाटुकलं लिहिलं, 1979 मध्ये पीटर शॅफरने नाटक लिहिलं आणि त्यावरून सिनेमा झाला. खरा सालिएरी बेटोव्हेन आणि शूबर्ट यांचा गुरू. इतकंच नाही, मोझार्टच्या धाकट्या मुलालाही त्याने शिकवलं. 2015 मध्ये प्रागला एक रचना हाती लागली. 1785 साली, एक गायिका आजारातून उठली त्या आनंदात लिहिलेली. त्या छापील प्रतीवर मोझार्ट आणि सालिएरी, दोघांच्याही नावाच्या खुणा आहेत.

मग देवास. झुंज लागायला याहून सोयीचं गाव सापडायचं नाही. बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी इथे दोन गाद्या मांडल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकच गाव, पण राजे दोन, दरबार दोन, फौजा दोन. 1948 पर्यंत हे चाललं. इंग्रज कादंबरीकार फोर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. त्याने पुढे यावर पुस्तकच लिहिलं.

या देवासचे गवई म्हणजे उस्ताद रजब अली खाँ. जन्म 1874 चा, तानांचा धबधबा. कोल्हापूर दरबारातही ते होते, आणि तिथेच अल्लादिया खाँसाहेब, म्हणजे आपल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गुरू. पण निवृत्तीबुवा सरनाईक या दोघांकडेही शिकले. इंदूरच्या अमीर खाँनी रजब अलींकडून घेतलं, तसं इतर घराण्यांकडूनही घेतलं. रजब अलींचे पुतणे अमानत खाँ देवासवाले मुंबईत लता मंगेशकरांना शिकवत. मंगेशीचं नाव लावणारा तो गळा देवासच्या हाताखालूनही गेलेला आहे.

1948 मध्येच देवासला आणखी एक गवई आला, कुमार गंधर्व. क्षयाने पोखरलेला, गायची बंदी. मुंबईत ते देवधर मास्तरांकडे शिकले, आणि आपल्या पेडण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या धुनांतून नवे राग निघाले होते. 1965 मध्ये त्यांच्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' आलं. रजब अली खाँ 1959 मध्ये गेले. म्हणजे अकरा वर्षं हे दोघे एका गावात होते, एक तानांचा बादशहा आणि एक घराण्याची चौकटच न मानणारा. माताजीच्या टेकडीखाली उभा राहून मी विचार करत होतो, आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी यांच्याही हातात कट्यार देईल.

आणि मग आठवलं की 'कट्यार' हे मुळात 1967 चं नाटक. लेखन दारव्हेकरांचं, संगीत मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचं. पंडितजींची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी, रंगमंचावर वैरी असलेली ही दोन्ही गाणी एकाच माणसाने बांधली! ते बांधता आलं, कारण अभिषेकी स्वतः एकाहून अधिक गुरूंकडे शिकले होते. राजगायकाचं पद एकच असतं, म्हणून भांडण पदासाठी होऊ शकतं. सुराला असली मंजूर पदसंख्या नसते. आयुष्यभर ऑफिसात ज्येष्ठता यादी बघणाऱ्या माझ्यासारख्याला हे समजायला देवासपर्यंत जावं लागलं.

परतल्यावर मावसभावाला फोन केला. म्हटलं, यंदा सप्त्याला येतोय. तो इतकंच म्हणाला, "दादा, पेटी तशीच ठेवलीय. भाता तेवढा बघून घे."